रायमोने आज काय काढलं?

"प्रत्येक सर्व्हरला दोन तारा. त्या दोन वेगळ्या स्विचमध्ये जायला हव्यात. एक काढली तरी बाहेर कुणाला कळता कामा नये."

रायमोचा हा आवाज सकाळपासून तुइयाच्या कानांत घुमत होता. तिचा म्हातारा प्रमुख, खुद्द रायमो मात्र कुठे दिसत नव्हता, आणि दिसणारही नव्हता. आज परीक्षेचा गुरुवार होता. वर्षातून एकदा तो गुपचूप काहीतरी काढून ठेवायचा. कधी एखादी तार, कधी सर्व्हरांना बाहेरच्या जगाशी जोडणारी स्विचची एखादी पेटी, एकदा तर अख्ख्या खोलीची वीज. काय काढलं ते दिवस सरल्यावर फोन करून सांगायचा. तोवर जुन्या कागद गिरणीतलं हे डेटा सेंटर चालतं राहिलं, तर सगळे पास.

यंदाचं नवं दालन तुइयाने एकटीने जोडलं होतं. बेटांवर जाणाऱ्या बोटींची तिकिटं त्याच दालनातल्या सर्व्हरवर होती. आणि रायमोने सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं, "यंदा काही बंद पडलं नाही, तर मी निवृत्त. पडलं, तर आणखी एक हिवाळा तुमच्या उरावर!"

सगळे हसले होते. हसली नव्हती ती त्याची बायको केर्टू. तळ्याकाठच्या घरी कायमचं राहायला जाऊ, असा शब्द रायमो तिला दर शरदात द्यायचा आणि दर शरदात इथे काहीतरी मोडायचं. परवा बाजारात तिने तुइयाचा हात धरला. "पोरी, या खेपेला सोडा गं त्याला."

तुइया ओशाळली होती. रायमोला सर्वांत जास्त फोन तिचेच जात. जरा कुठे अडलं की तिचा हात आपसूक फोनकडे वळायचा. मग तो जेवत असो नाहीतर सौनात घाम काढत असो.

"म्हातारा छताच्या पोकळीत बसलाय," पेट्टेरी म्हणाला. तिचा हा सहकारी विजेरी घेऊन प्रत्येक कपाटामागे डोकावत होता. "रायमो, ये बाहेर! आत्ता खोकलास, ऐकलं मी!"

"तो पंखा होता."

"पंखा इतका वैतागून खोकत नाही."

दुपारी वाटाण्याचं सूप आणि जॅम लावलेलं जाड धिरडं होतं. गुरुवारचं हे जेवण रायमोने आजवर चुकवलं नव्हतं. आज त्याची खुर्ची रिकामी राहिली. त्याच्या वाटचं धिरडं पेट्टेरीने उचललं. "फुकट नको जायला," म्हणाला, आणि शांतपणे खाऊ लागला.

सूप तसंच टाकून तुइया नव्या दालनात गेली. आपण रायमो असतो तर काय काढलं असतं? ती एकेका तारेवरून बोट फिरवत निघाली आणि तिकिटांच्या सर्व्हरपाशी थबकली. कपाटात एक स्विच वर होता, एक खाली; पण त्याच्या दोन्ही तारा खालच्याच स्विचमध्ये गेल्या होत्या. घराला हौसेने दोन दारं करावीत आणि दोन्ही एकाच बोळात उघडावीत, तसं झालं होतं. आणि हे तिनेच केलं होतं.

तिने फोन लावला. रायमोचा फोन बंद.

भर दुपारी तारेला हात लावावा, तर तिकिटं थांबायची भीती. न लावावा, आणि रायमोने नेमका खालचा स्विच काढला तर? विचारायला कुणी नव्हतं. "देवा, तिकिटं थांबू देऊ नकोस," ती पुटपुटली. एक तार तिने जिथल्या तिथे राहू दिली, दुसरी हलकेच काढून वरच्या स्विचमध्ये खोचली. मग संगणकावर बसून त्या तारेची नवी वाट लिहिली. आधी परतीची वेळ लावायला ती विसरली नाही. काही चुकलंच, तर थोड्या वेळाने जुनी मांडणी आपोआप परत आली असती.

हिरवा दिवा लागला. तिने 'कायम' वर बोट दाबलं आणि खुर्चीत मागे रेलली.

कॉफीचे कप विसळून होतात न होतात तोच खालचा स्विच गेला. पडदा लालेलाल झाला.

"काढला! म्हाताऱ्याने काढला!" पेट्टेरी ओरडला आणि त्याने थेट बंदरावरच्या कचेरीत फोन लावला. "बाई, तिकिटं निघताहेत ना?"

"निघणारच! दारापर्यंत रांग आहे, फोन ठेवा!"

पेट्टेरीने तुइयाला उचलून गरकन फिरवलं.

संध्याकाळी रायमोचा फोन आला. "हं, सांग. काय काय बंद पडलं?"

"काहीसुद्धा नाही!" तुइयाला हसू आवरेना. "तू खालचा स्विच काढलास ना? सगळं वरच्या स्विचवरून चालू राहिलं. तिकिटंसुद्धा."

"कुठला स्विच?"

"खालचा. कॉफीनंतर."

"तुइया, मी कुठल्याच स्विचला हात लावलेला नाही. तो आपल्या मरणाने मेला असेल. सकाळपासून मी आमच्या अंगणात गाडीत बसून आहे. मागे सगळं सामान, शेजारी केर्टू."

"मग आज काढलंस तरी काय?"

"मला," रायमो म्हणाला.

मागून केर्टूचा आवाज आला, "झालं ना समाधान? चल आता." आणि तुइयाला फोनमध्ये गाडी सुरू झाल्याचं ऐकू आलं.