तळ्यातच राहिलेला

या मायबाप, जवळ सरका, मासे मोजणाऱ्या म्हाताऱ्याची गोष्ट सांगतो. थंडीत तळ्यातले मासे ओढ्यात जातात. तिथे पोटाला कमी, पण गिळणारे मोठे मासेही नाहीत. म्हातारा त्यांच्या पोटात नंबराची चिप बसवून यंत्रावर माग काढी.

लेक फोनवर म्हणायची, "बाबा, खोली एवढीशीच आहे, पण या. एकटे किती दिवस राहाल?"

"एकटा कुठे? चाळीस नंबरचा मासाही ओढ्यात गेला नाही. रोज यंत्रावर फिरताना दिसतो, मजेत आहे लेकाचा!"

थंडी सरता सरता जाळ्यात एक दांडगा शिकारी मासा आला. पोट चिरलं, तर आत चाळीस नंबरची चिप.

म्हाताऱ्याने हात धुतले आणि फोन लावला. "पोरी, कोपऱ्यात माझी पथारी मावेल का गं?"

तुमचंही कुणी असंच एकटं आपली जागा न सोडता बसलं असेल, त्याची आज आठवण काढा.