आखूड दोरा

बहात्तरच्या दुष्काळात पारनेरच्या एलिया मास्तरांची लेक कृपा नर्सच्या नोकरीसाठी विमानानं लंडनला निघाली. सकाळी मुंबईहून विमान सुटायच्या वेळेला मास्तरांनी पृथ्वीगोल पुढ्यात ओढला. गोधडीचा दोरा मुंबईवर दाबून धरला आणि नेमका लंडनवर तोडला.

"एवढंच अंतर. दिवेलागणीला उतरंल ती," ते बायकोला म्हणाले.

पण रेबेकाबाईंच्या जिवाला चैन नव्हतं. दुपारी त्या म्हणाल्या, "अवो, कुठवर गेली आसंल, बगा की."

मास्तरांनी तोच दोरा पुन्हा गोलावर ठेवला. तो लंडनला पोचेना. टोक अलीकडच्या समुद्रावरच राहिलं.

"तुमचं बोट सरकलं आसंल," म्हणत बाईंनी नवा दोरा दिला, चांगला हातभर. तोही समुद्रावरच संपला. मग त्यांनी अख्खं रीळच पुढं केलं. मास्तर दोरा सोडत राहिले, पण टोक काही पाण्यापलीकडं जाईना. रीळ रिकामं झालं, तेव्हा दिवेलागण झाली होती.

"उतरली का वो?"

मास्तरांनी समुद्रावरचं ते टोक चिमटीत उचललं. घरातला रांजण परवापासून कोरडा होता, आणि दोरा ओलाचिंब होता.

त्यांनी बोट जिभेला लावलं. खारट लागलं.