चाचणी

समीरने हँड ग्राइंडरची थरथर कमी करणारं हँडल बनवलं. पास झालं तर प्रमोशन. अंबरनाथच्या त्या कारखान्यात नवीन वस्तूला पहिला हात सर्वांत जुन्या माणसाचा लागे, म्हणून ग्राइंडर गेला चंदरमामांकडे; तीस वर्षं ग्राइंडरच चालवलेला हात. मामांनी पत्र्याची कड घासून काढली.

"कसं वाटतंय, मामा?"

"एक नंबर! मशीन हातान हाय का नाय, तेच समजत नाय."

मॅनेजरसाहेबांनी तिथल्या तिथे मंजुरी दिली. हरखलेल्या समीरने ग्राइंडर स्वतः चालवून पाहिला, तर त्याच्या दाढा खुळखुळल्या.

तेवढ्यात काहीतरी करपल्याचा वास आला. नुकत्याच घासलेल्या तापल्या कडेवर पंजा टेकवून मामा निवांत उभे होते.

"मामा, हात!"

मामांनी आजूबाजूला पाहिलं. "कुनाचा?"