इरकलीला पहिलं बक्षीस

शनिवारी संध्याकाळी सात वाजता मल्लव्वांना वेशभूषेचं पहिलं बक्षीस मिळालं. स्पर्धा होटगी रस्त्यावरच्या एका इमारतीच्या गच्चीवर होती. भाग घेतलेल्या बायकांत एक फौजदार होती, एक हवाई सुंदरी होती, आणि एक झाशीची राणी प्लास्टिकची तलवार सांभाळत उभी होती. मल्लव्वा नुसत्या बघायला आल्या होत्या. अंगावर जांभळं इरकल लुगडं, कपाळाला विभूती, हातात घरून आणलेला पाण्याचा तांब्या. कोणीतरी त्यांच्यापुढे माईक धरला आणि कोण झालात म्हणून विचारलं.

"मल्लव्वा. मंद्रूपची," त्या म्हणाल्या.

टाळ्या थांबेनात. "काकू, चालणं, बोलणं, सगळं अस्सल," असं म्हणत फौजदाराने जेवणाचा स्टीलचा डबा त्यांच्या हातात ठेवला. फौजदार म्हणजे तिसऱ्या मजल्यावरची सिद्धेश्वरी. स्पर्धा तिनेच भरवली होती.

भुवनेश्वरीला गच्चीवरून उतरून जावंसं वाटलं. ती मल्लव्वांची सून. शुक्रवार पेठेतलं भाड्याचं घर सोडून ती आणि तिचा नवरा मल्लिनाथ दोन महिन्यांपूर्वी या इमारतीत आले होते. या मैत्रिणी नव्या होत्या. सासूने काही वेश केलेला नाही, हे तिथे तिला एकटीलाच ठाऊक होतं. आपल्या मैत्रिणींनी आपल्या सासूचं हसं केलं, असं तिला वाटत राहिलं. रात्री मल्लव्वांनी डबा पुसून पिशवीत ठेवला.

सासरे गेल्यापासून मल्लव्वा मंद्रूपला एकट्या राहत. महिन्यातून एकदा शुक्रवारी येत आणि रविवारच्या संध्याकाळच्या एसटीने परत जात. आता इथेच राहा, असं मल्लिनाथ दर वेळी म्हणे. "बघू की," असं त्या दर वेळी म्हणत. रविवारी सकाळी पिशवी दाराशी येई. आपलंच काहीतरी कमी पडतं, असा भुवनेश्वरीचा समज होता. ती पहाटे उठून आधी साडी नेसे, डोक्यावर पदर घेई, सासूच्या पुढ्यात खुर्चीवर बसत नसे. तरी पिशवी दाराशी येई. या वेळी सासूबाई गेल्या की परत येणार नाहीत, असं तिला वाटलं.

रविवारी दुपारी दुसऱ्या मजल्यावर एका मुलाचा वाढदिवस होता. पाहुण्यांना प्राण्यांचे मुखवटे वाटले होते. मल्लव्वांना वाघ मिळाला. केक खाताना त्यांनी तो कपाळावर सरकवला आणि तसाच घरी आणला. तोही पिशवीत गेला.

संध्याकाळी सिद्धेश्वरीकडे सगळ्यांनी मिळून क्रिकेटचा सामना बघायचं ठरलं होतं. एसटी साडेसातची होती. थोडा वेळ टेकावं म्हणून मल्लव्वा पिशवी घेऊनच गेल्या आणि दिवाणाच्या कडेला बसल्या. त्या यायच्या आधी भारताच्या तीन विकेट पडल्या होत्या. त्या बसल्यावर एकही पडेना. साडेसहाला त्या पिशवी उचलून उठल्या आणि चौथी पडली.

"काकू, बसा," सिद्धेश्वरी म्हणाली. "आता सामना संपेपर्यंत जागा सोडायची नाही. आमच्याकडे हाच नियम आहे."

"माझी गाडी हाय की."

"गाडी उद्या पण आहे."

मल्लव्वा बसल्या. पुन्हा विकेट पडेना. सात वाजता आईला स्टँडवर सोडायला मल्लिनाथ आला. त्याचा एक पाय उंबऱ्याच्या आत आणि एक बाहेर असताना चौकार गेला. त्याला तसंच उभं राहायला सांगण्यात आलं.

सगळ्याजणी निळ्या टी-शर्टात होत्या. भुवनेश्वरी जमिनीवर, डोक्यावर पदर घेऊन बसली होती. दोन षटकांच्या मधे सिद्धेश्वरीचं तिच्याकडे लक्ष गेलं.

"काल आम्हाला वाटलं, तू सुनेचा वेश केलायस. आज मॅचला पण तोच? रोज तर ट्रॅक पँटवर हिंडतेस."

भुवनेश्वरीने पदर आणखी पुढे ओढला. मल्लव्वा पडद्याकडेच बघत होत्या.

"व्हय?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही येता तेवढेच दिवस नेसते, अत्ती." सासूला ती अत्तीच म्हणे. "तुम्हाला आवडतं म्हणून."

"मला कुटं आवडतंय?" मल्लव्वा म्हणाल्या. "मग कालचं बक्षीस बरोबर हाय म्हणायचं. गावाकडं मी गाऊन घालती. वरनं टॉवेल टाकती. हितं तू पदर घेऊन उभी ऱ्हातीस, म्हणून पेटीतनं हे लुगडं काढती. दोन दिवस निभतंय. तिसऱ्या दिवशी कंबर काचती लई, मग एसटी गाठती."

भुवनेश्वरीने दिवाणाशेजारच्या पिशवीकडे बघितलं.

"पिशवीत तळाला हाय बघ गाऊन. दर बारीला आणती, घडी न मोडता परत नेती."

"काकू, बोला," सिद्धेश्वरी म्हणाली, "पण हलू नका."

भारत जिंकला तेव्हा एसटी जाऊन बराच वेळ झाला होता. मल्लिनाथचा उंबऱ्यातला पाय बधिर झाला होता.

पुढचा सामना बुधवारी आहे. दिवाणाच्या कडेला काकूंशिवाय कोणी बसायचं नाही, असं सिद्धेश्वरीने सांगून ठेवलं आहे. जाण्याबद्दल मल्लव्वा अजून "बघू की" एवढंच म्हणतात. सोमवारी सकाळी त्यांची पिशवी दाराशीच होती. गाऊन मात्र धुऊन गॅलरीतल्या दोरीवर वाळत होता, ट्रॅक पँटच्या शेजारी.