उघड्या दाराचा दिवा

"दिवा लागला की थांबत जा गं," सासूबाई म्हणायच्या. मी हसण्यावारी न्यायचे. गोबी वाळवंटाच्या थंडीत आमच्या जुन्या डिझेल एसयूव्हीत खोटे दिवे रोजच लागायचे.

पण 'दार उघडं आहे' सांगणारा दिवा मात्र वाटेवर एकट्या राहणाऱ्या दुल्मामावशींच्या गोल तंबूजवळच लागायचा आणि पुढे गेलं की विझायचा. मेकॅनिक ओचिर म्हणाला, "वहिनी, गाडी निघताना शुभ म्हणून चाकांवर दूध शिंपडतात. तुमच्या सासूबाई दारालाच अंघोळ घालतात." दाराचा सेन्सर भिजला असणार म्हणून त्यानं त्याची वायरच कापून टाकली.

परवा सकाळी बाळाला घेऊन निघाले, तर तिथेच तो दिवा लागला. चारही दारं बंद होती. मी थांबले. मावशींच्या धुराड्यातून धूर येत नव्हता.

आत चूल विझलेली होती. मावशी खाली पडल्या होत्या, पण श्वास चालू होता. कसंबसं त्यांना गाडीत घातलं. "दार लाव, बाळ गारठेल," त्या पुटपुटल्या. डॉक्टर म्हणतात, वाचतील.

येताना तंबूजवळ दिवा लागला नाही.

आज तो तुमच्या घरासमोर लागला. खिडकीत तुम्ही सगळे हसत जेवत होतात.

तुमच्या शेजारी एकटं कोण राहतं? जरा जाऊन बघता का?