सोमवारची तयारी

ज्या गावाची शाळा लखलखीत, त्या गावाचं नशीब लखलखीत, असं दानीएल गुरुजींनी पारावरून खणखणीत आवाजात सांगितलं, त्या घटकेला त्यांच्या वर्गात छबूबाईची शेळी व्यायला बसली होती.

मे महिन्याची सुट्टी अर्धवट टाकून गुरुजी वाडीत परत आले होते, ते उगाच नाही. राहुरीच्या स्टँडवर शिक्षण खात्याचे साहेब, देवळालीचे श्रीमंतराव, भेटले होते. पानाचा तोबरा सांभाळत म्हणाले होते, "सोमवारी येतोय मी तुमच्या वाडीत. खोली नीटनेटकी ठेवा, मास्तर. चार लोकांत माझी मान खाली जायला नको."

सोमवार म्हणजे शाळेचा पहिला दिवस. गेल्या खेपेला साहेब आले तेव्हा वर्गात सात पोरं होती आणि एक कोंबडी. "पुन्हा असं दिसलं तर जामखेडच्या पलीकडं टाकीन," असं सुनावून ते गेले होते. आता गुरुजींची बायको रेबेका केडगावला माहेरी होती आणि तिचे दिवस भरत आले होते. जामखेडच्या पलीकडून बाप पोहोचेपर्यंत बाळ रांगायला लागलं असतं.

म्हणून भाषण. शेवटी गुरुजी म्हणाले, "सोमवारी पोरांना वाजतगाजत आणा."

ओढ्यापलीकडच्या मळ्यातला सहादेव उठून उभा राहिला. वर्षभरात त्यानं शाळेकडं ढुंकून पाहिलं नव्हतं. "खोलीचं आमच्याकडं लागलं, गुरुजी. तुमी घोर करू नका."

आणि खरंच, दुसऱ्या दिवशी सकाळी चुन्याच्या बादल्या आल्या. शेळी गेली. छबूबाईनं स्वतः जमीन सारवली. दारात पाण्याचे दोन रांजण बसले.

"हितं मानसं किती मावतील?" सहादेवानं विचारलं.

"चाळीस मुलं बसतात."

"पोरांचं न्हाई, मोठ्या मानसांचं इचारतो."

गुरुजींना भरून आलं. प्रौढांचा वर्ग अजून त्यांच्या मनातच होता, आणि गावानं तो ओळखला होता.

तरी जिवाला चैन पडेना. इतक्या वर्षांत त्यांचं कुणी ऐकलं नव्हतं. आता ऐकत होते तर ते जास्तच जड जात होतं. दगडी भिंतीत खिळा एकच होता. त्यावर त्यांनी स्वतः रंगवलेला 'रोज दात घासा'चा तक्ता लावला, काढला, पुसला, पुन्हा लावला. आठवडा असा चार भिंतींतच गेला. बाहेर वाडीत काय चाललंय, ते बघायला सवड कुणाला?

शेवटी न राहवून त्यांनी विचारलं, "सहादेवराव, एकाएकी शाळेचा एवढा कळवळा कसा?"

सहादेव लाजला. "आता पोरीचा बाप हाय मी. सायबाम्होरं कमी दिसून कसं चालंल?"

त्याची धाकटी दुसरीत जाणार होती. गुरुजींनी त्याला मुलींच्या शिक्षणावर पुष्कळ काही ऐकवलं. सहादेवानं ते मान खाली घालून ऐकलं.

"गुरुजी बोलतात लई ग्वाड," छबूबाई नंतर म्हणाली. "पर कशाबद्दल, ते कळत न्हाई."

सोमवारी गुरुजी इस्त्रीचा सदरा घालून दारात उभे राहिले. ओढ्याच्या बाजूनं हलगी ऐकू आली, मग सनई. पुढं पोरं पळत होती, नव्या कपड्यांत, पटावरची झाडून सगळी. गुरुजींचे डोळे पाणावले. मागं झुली घातलेल्या बैलांच्या गाड्या होत्या, आणि पहिल्याच गाडीत, कबूल केल्याप्रमाणे, श्रीमंतराव साहेब. डोक्याला फेटा. शेजारी त्यांचा थोरला मुलगा, कपाळाला मुंडावळ्या.

साहेब उतरले. वर्गात शिरून त्यांनी चारी भिंती निरखल्या, सारवणावर पाय घासून पाहिला आणि सहादेवाच्या पाठीवर थाप मारली. "व्याही, वऱ्हाड उतरायला जानवसा असावा तर असा. नाक राखलंत." मग तक्त्याकडं बोट करून म्हणाले, "मास्तर, हे दात तेवढे खाली उतरवा. नवरदेवाची दाढी व्हायची आहे, आरशाला खिळा पाहिजे."