अकरा गाद्यांची खोली

"पुन्हा चुकलं," विमल म्हणाली आणि तिने गिटारच्या तारांवर फिरवायची पोलादी कांडी बाजूला ठेवली.

भगवानरावाने टेप रेकॉर्डर थांबवला. ही चौथी वेळ. चारही भिंतींना गाद्या उभ्या होत्या. दोरीवरून रजया लोंबत होत्या. टिनाच्या छपराखाली सतरंज्या ताणल्या होत्या, आणि फरशीवर पाय ठेवला की तो गोधड्यांत रुतत होता. बाहेर चौसष्ट सालचा एप्रिल यवतमाळ भाजून काढत होता. आत तिघंजण घामाने निथळत होते, आणि तरी दर दोन मिनिटांनी विमलला किंवा भगवानरावाला हसू फुटत होतं. हसूही कापसात बुडून जात होतं, म्हणून आणखी हसू येत होतं.

सकाळी हीच खोली रिकामी होती. विमलने मांडीवर गिटार आडवी घेऊन पहिली तार छेडली, तेव्हा तारेबरोबर टिन वाजलं, फरशी वाजली, खिडकीचं तावदानही वाजलं. टेपवर गिटार आलीच नाही. डब्यात चमचे ओतावेत तसा आवाज आला.

"आवाज भिताडाले आपटून वापस येते," भगवानराव म्हणाला, "अन् मागून येनाऱ्या आवाजाच्या अंगावर पडते. त्याले गिळनारं काहीतरी नरम पाह्यजे."

कापसाच्या गावात नरम वस्तूंना काय तोटा! शेजारच्या शकुबाईने आपल्या चार गाद्या दिल्या, मग गल्ली पालथी घालून आणखी सात आणल्या.

"कोन बिमार पडलं व?" गाद्यांची वरात पाहून एकीने विचारलं.

"गिटार," शकुबाई म्हणाली आणि पुढच्या घरात शिरली.

घाई होतीच. रेकॉर्डर होता एका कापूस व्यापाऱ्याचा. भगवानरावाने केलेली दुरुस्ती चोख झाली म्हणून खूश होऊन त्याने तो आजचा दिवस वापरायला दिला होता. संध्याकाळी परत न्यायचा होता. नागपूरच्या एका संगीतशाळेला मुलींना गिटार शिकवायला बाई हवी होती. आधी वाजवणं टेपवर पाठवा, असं त्यांनी कळवलं होतं. विमल प्राथमिक शाळेत शिकवायची. नागपूरला मास्तरकीचं शिक्षण घेताना ती गिटार शिकली होती, आणि सगळ्या यवतमाळात तेवढी एकच बाई गिटार वाजवायची. सगळे तिला विमलताई म्हणत. भगवानरावही म्हणायचा. त्याचं वय सव्वीस, पण मेलेला रेडिओ जिवंत करतो म्हणून गाव त्याला 'राव' लावायचं.

खोलीतला तिसरा माणूस म्हणजे विमलचे वडील, नानाजी. तीस वर्षं ते जिनात राबले. सरकीतून कापूस सोडवणाऱ्या त्या यंत्रांनी त्यांचे कान खाल्ले. आई नव्हती. घरात बापलेक दोघंच. जेवायला बोलवायचं तर विमलला त्यांच्या कानाशी ओरडावं लागे, आणि टिनाखाली ते ओरडणंही असं घुमायचं की शब्द न कळता नानाजी नुसती मान हलवून अंदाजाने पाटाकडे बघत. आज अकरावी गादी काही केल्या उभी राहत नव्हती. म्हणून ते तिला पाठ लावून कोपऱ्यात बसले होते. डोळे मिटलेले. मघाशी त्यांनी धोतराच्या सोग्याने डोळे पुसले, तेव्हा दोघांना वाटलं, घाम असेल.

भगवानरावाने टेप उलटी फिरवून ऐकली. आवाज कसा लख्ख आला होता! मग त्याने त्याआधीची खेप ऐकली, त्याच्याही आधीची ऐकली. त्याचं हसू थांबलं.

"चारई वेळा एकाच जागी," तो म्हणाला. "अन् सरावात तिथं एकदाबी नाही. विमल, तू मुद्दाम चुकून राह्यली."

'ताई' गळून पडलं होतं. तिच्या ते लक्षात आलं. त्याच्याही आलं. दोघांचे कान लाल झाले.

विमलने एकदा वडिलांकडे पाहिलं. ते हलले नाहीत.

"हो," ती म्हणाली, गाद्या आवाज गिळत होत्या म्हणून जरा मोठ्यानेच. "टेप चांगली झाली तर जा लागन. मी गेली तर बाबाशी बोलन कोन?"

"मंग बाबाले घेऊन चाल."

"परक्या गावात नौकरी पाहू का त्यायले पाहू? एकटीनं?"

"नागपुरात रेडिओ बिघडत नसतीन का?" भगवानरावाने कपाळावरचा घाम पुसला. "मीबी येतो. दुकान तिथं टाकतो. मी पाहीन नानाजीले."

विमलने पदर तोंडावर दाबला. हसू पदराबाहेर सांडलंच.

"कोन्या नात्यानं?"

कुठल्याही रेडिओतला बिघाड नुसत्या खरखरीवरून ओळखणारा भगवानराव आता इकडेतिकडे बघू लागला. त्याने रेकॉर्डरकडे पाहिलं, गिटारकडे पाहिलं, छपराखालच्या सतरंज्यांकडे पाहिलं.

"जावयाच्या," कोपऱ्यातून आवाज आला.

दोघं गर्रकन वळले. नानाजींचे डोळे अजून मिटलेलेच होते.

"बाबा!" विमल सवयीने ओरडली.

"वरडतं कायले?" नानाजी म्हणाले. "या गाद्या लावल्या तवापासून एक एक शब्द सुटा सुटा आयकू येऊन राह्यला. तुही गिटारबी आयकली म्या, पोरी. जिंदगीत पह्यल्यांदा." त्यांनी डोळे उघडले. ते ओले होते आणि हसत होते. "आता चुकू नोको. अन् तुमी मशीन चालू करा, जावईबापू!"